दाराजवळची जागा

पाहुणे येणार त्या दिवशी घरात मिसोचा वास येता कामा नये, असा हुकूम कोझोने काढला. ज्या घराच्या मागच्या कोठारात माणूस उभा बुडेल अशी मिसोची लाकडी पिंपं आहेत, ज्याच्या तुळयांत, चटयांत, फार काय त्याच्या बायकोच्या, फुसाएच्या, लग्नातल्या किमोनोतसुद्धा आंबवलेल्या सोयाबीनचा वास पिढ्यान् पिढ्या मुरलेला आहे, त्या घरात हा हुकूम म्हणजे माशाला ओला होऊ नकोस म्हणून बजावण्यासारखंच होतं. पण कोझो आता नुसता कुवाबारा मिसोचा मालक राहिला नव्हता. कामिदा नगराच्या आंतरराष्ट्रीय स्नेहवर्धन मंडळाचा तो अध्यक्ष झाला होता, आणि अध्यक्षांनी परदेशी लोकांविषयीची दोन पुस्तकं वाचनालयातून आणून अर्धी अर्धी वाचली होती.

"त्यांना हा वास सोसत नाही," तो म्हणाला. "त्यांना लोणी लागतं."

"मग त्यांच्याशी आपण स्नेह वाढवायचा तो कशाच्या जोरावर?" फुसाएने विचारलं. "मिसोखेरीज आपल्या गावात आहे तरी काय?"

"मनाचा मोठेपणा," कोझो म्हणाला आणि बैठकीला निघून गेला.

नव्या सम्राटांचं ते पहिलंच वर्ष होतं आणि गावाला आंतरराष्ट्रीय होण्याचा ताप चढला होता. न्हाव्याने पाटीवर पृथ्वीचा गोल काढून घेतला. मिठाईवाल्याने वाटाण्याचं पुरण भरलेल्या उंड्यावर एक चेरी चिकटवली आणि त्याला आंतरराष्ट्रीय उंडा म्हणायला सुरुवात केली. नगरपालिकेने अमेरिकेतलं एक गाव भगिनी-नगर म्हणून शोधून काढलं, मेपल क्रीक नावाचं. तिथे म्हणे लाकडाच्या वखारी होत्या आणि इथेही एकेकाळी होत्या, एवढ्यावर रक्ताचं नातं जुळलं. आता त्या गावचे नगराध्यक्ष यायचे होते आणि पहिलं जेवण अध्यक्षांच्या घरी, म्हणजे इथे, व्हायचं होतं.

त्यासाठी घरात कमोडचा संडास बसला. पाणी सोडलं की त्यातून वाद्यसंगीत वाजे. कोझोला टेबल-खुर्च्याही हव्या होत्या. बँकेच्या शाखेतून त्या आणायचं ठरलंही होतं, पण तिथे फुसाएची आई आडवी आली. तोयो आजीला ऐंशी उलटून गेली होती आणि जावयाला ती नेहमी अहो-जाहो करत जावईबापूच म्हणे.

"जावईबापू, माझ्या चटईवर खुर्चीचे पाय? आधी मला उचला, मग खुर्च्या ठेवा."

अशा रीतीने आंतरराष्ट्रीय धोरण चटईच्या काठाशी येऊन थांबलं. जमिनीवर बसायच्या उश्याच मांडायच्या ठरल्या. देवकोनाड्यासमोरची मानाची जागा पाहुण्यांना. अगदी खालची, दाराजवळची जागा कुणालाच नको असे, कारण सरकत्या दाराच्या फटीतून तिथे बरोबर कमरेत वारा लागतो. कुवाबारांच्या घरात ती जागा नव्या घरजावयाची. पहिलं वर्षभर त्याने तिथेच बसून जेवायचं अशी रीत, आणि या घरात घरजावई तर सारखेच येत. तीन पिढ्यांत इथे मुलगा म्हणून जन्मलेला नव्हता. दर खेपेला मुलगी, दर खेपेला बाहेरून आणलेला जावई, आणि दर खेपेला त्या जावयाने आपलं आडनाव दाराबाहेर ठेवून कुवाबारा व्हायचं. कोझो तसाच आला होता, तीस वर्षांपूर्वी, समुद्राकाठच्या कोळ्यांच्या वस्तीतून. तेव्हा त्याचं आडनाव इसोबे होतं. आता तो भाषणांत "आम्हा कुवाबारांच्या नऊ पिढ्या" म्हणत असे, आणि कुणी हसत नसे.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी फुसाए मुळा चिरत होती तेव्हा चिझुरू येऊन शेजारी बसली. एकुलती एक लेक, अठ्ठावीस वर्षांची, कोठाराचा सगळा कारभार बघणारी. तिने आईच्या हातातला मुळा काढून घेतला आणि स्वतः चिरायला लागली. मुळा नुसतं निमित्त आहे हे फुसाएला लगेच कळलं.

"आई, मी लग्न ठरवलंय. आराई सरांशी."

फुसाएने सुटकेचा श्वास टाकला. आराई सर म्हणजे पलीकडच्या शहरातल्या शिकवणीवर्गात इंग्रजी शिकवणारा तरुण आणि मंडळाचा दुभाषा. कोझोचा तर गळ्यातला ताईत. "असा जावई मिळाला तर मी डोळे मिटायला मोकळा," हे वाक्य त्याने मंडळाच्या प्रत्येक सहलीत म्हटलं होतं.

"एवढंच ना? बाबा तुझे नाचतील. बसल्या जागी."

"त्यांचं खरं आडनाव पाक आहे."

फुसाएने लेकीकडे पाहिलं. "कोरियन?"

"इथेच जन्मलेत. नदीपलीकडे. त्यांचे वडील लढाईच्या काळात धरण खोदायला इथे आणलेले. मंडळाच्या दिवाणखान्यात जी झुंबरं लागतात ना, ती त्याच विजेवर."

"नदीपलीकडे कोण राहतं ते मला माहीत आहे," फुसाए म्हणाली, आणि आपला आवाज आपल्या आईसारखा आला म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"बाबांना पटलं नाही तर मी भांडणार नाही," चिझुरू म्हणाली. "सरांना ओसाकाला नोकरी मिळतेय. नवीन वर्ष लागलं की मी त्यांच्याबरोबर जाईन. परत येणार नाही, एवढंच."

तिने हे अगदी सरळपणे सांगितलं. ही पोर आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. लहानपणी रुसली तर शांतपणे आपलं ताट धुऊन ठेवायची आणि दोन दिवस जेवायची नाही.

"आज नको सांगू," फुसाए म्हणाली. "पाहुणे जाऊ देत. मी बोलते."

"तू बोलशील?" चिझुरूने विचारलं. तिच्या स्वरात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. तीस वर्षांत फुसाए नवऱ्यासमोर टोमण्यापलीकडे काही बोलली नव्हती.

दुपारी नोबुको आली. फुसाएची धाकटी बहीण, चहाच्या व्यापाऱ्याकडे दिलेली. आली ती विलायती कपबश्यांचं खोकं घेऊन आणि आपल्या दुसऱ्या मुलाची कौतुकं घेऊन. चिझुरूने घर सोडलं, किंवा ती सासरी गेली, तर कुवाबारांचं नाव चालवायला आपला तेत्सुया दत्तक द्यायला ती एका पायावर तयार होती. हे ती कधी तोंडाने म्हणत नसे. फक्त तेत्सुयाला हल्ली मिसो किती आवडायला लागलाय ते सांगत असे.

पाच वाजता बँड, फलक आणि आराई सर, सगळे स्टेशनवर पाहुण्यांना घ्यायला गेले. साडेपाचला घरासमोर टॅक्सी थांबली. पाहुणे आधीच्याच गाडीने येऊन, स्टेशनवर कुणी नाही असं पाहून, पत्ता दाखवत थेट दारात हजर झाले होते.

टॅक्सीतून दोन माणसं उतरली. एक दारात वाकून शिरावं लागेल असा उंच, लाल दाढीचा गोरा गृहस्थ. आणि त्याच्यामागे पिशव्या उचलून येणारी एक बुटकी, साठीकडे झुकलेली बाई, केस आखूड कापलेले, चेहरा अगदी फुसाएच्या मामेबहिणीसारखा. पत्राबरोबर आलेल्या फोटोत हा लाल दाढीवाला मधोमध उभा होता. कोझोला आणखी पुरावा नको होता. तो इतका खाली वाकला की त्याच्या टकलावर ओसरीचा दिवा चमकला.

"वेलकम मेयर," कोझोने पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

दाढीवाल्याने हात हलवत मागच्या बाईकडे बोट दाखवलं. "मेयर," तो म्हणाला. "मेयर!"

"येस, येस! मेयर!" कोझो आणखी वाकला. मग फुसाएकडे वळून कुजबुजला, "किती साधे आहेत बघ, स्वतःची ओळख स्वतः करून देताहेत. त्या बाई सेक्रेटरी असणार. इथल्याच कुणीतरी, टोकियोहून आणलेल्या. त्यांना दाराजवळ बसव."

फुसाएनेही काही वेगळा विचार केला नाही, हे इथे सांगायला हवं. तिने बाईकडे पाहिलं, आपलं माणूस म्हणून मान हलवली आणि दाराजवळची उशी दाखवली. बाई हसून बसल्या. लाल दाढीवाल्याला देवकोनाड्यासमोर बसवण्यात आलं. त्याचे पाय काही केल्या घडी होईनात, शेवटी ते टेबलाखालून पलीकडे बाहेर आले. तो पुन्हापुन्हा दाराकडे हात करत काहीतरी सांगू लागला. कोझोला उलगडा झाला. त्याने पाहुण्याला दंडाला धरून उठवलं आणि मानाने संगीत वाजणाऱ्या संडासात नेऊन सोडलं.

इकडे दाराजवळच्या बाईंशी कुणीच बोलेना. त्यांनी एकदा कमरेवर हात ठेवला, एकदा मागे वळून फटीकडे पाहिलं. मग फुसाए तबकं घेऊन धावतेय हे बघून त्या सरळ उठून स्वयंपाकघरात आल्या.

"बरं झालं," नोबुको म्हणाली, आणि तिने त्यांच्या हातात अ‍ॅप्रन दिला. "आपल्यातल्याच आहेत, कामाला लाजायच्या नाहीत. त्या भोपळ्याच्या चकत्या पिठात बुडवा हो जरा."

बाईंना शब्द कळले नसावेत, पण भोपळा कळला. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि तळायला घेतलं. हात सराईत होता. हॉटेलातून आलेलं मांस आणि डब्यातलं साईचं सूप बाहेर वाढून झालं होतं. चुलीच्या मागच्या बाजूला फुसाएने एक छोटं भांडं झाकून ठेवलं होतं, कारण मिसोच्या कढणाशिवाय तोयो आजी जेवली नसती, मग जग आंतरराष्ट्रीय होवो की बुडो. बाईंनी झाकण उचललं. वास घेतला. डोळे मिटले.

"ओमीओत्सुके," त्या म्हणाल्या.

फुसाए बघतच राहिली. मिसोच्या कढणाला हा शब्द तिने लहानपणी पणजीच्या तोंडून ऐकला होता. टोकियोची सेक्रेटरी हा शब्द कुठून बोलणार? तिने काही न विचारता वाटीभर कढण बाईंच्या हातात दिलं. बाई चुलीपाशी उभ्या राहूनच प्यायल्या, आणि रिकामी वाटी दोन्ही हातांत धरून जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात ओसरीवर धावत आल्याचा आवाज झाला. स्टेशनवरून आराई सर आले होते, घामाघूम.

"माफ करा, अध्यक्षसाहेब! गाडीत कुणीच नव्हतं. इकडे... आले का?"

"आले म्हणजे! मघाच आले!" कोझो लाल दाढीवाल्याशेजारी फुलून बसला होता. "सर, मेयरसाहेबांना जरा सांगा की आमच्या घराण्याच्या नऊ पिढ्या..."

आराई पाहुण्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलला. पाहुण्याने दोन्ही हात आभाळाकडे केले आणि भडाभडा बोलू लागला. ऐकता ऐकता आराईचा चेहरा बदलत गेला. मग त्याने खाकरून घसा साफ केला.

"अध्यक्षसाहेब, हे मेयर नाहीत. हे मेयरांचे यजमान. हार्डवेअरचं दुकान आहे यांचं."

"यजमान? मग मेयर कुठे आहेत?"

"हे विचारताहेत, की त्या तळणातून मोकळ्या होतील का."

स्वयंपाकघरातून भोपळा तेलात पडल्याचा चर्रर्र आवाज आला.

पुढचं मिनिट फुसाए मरेपर्यंत विसरली नाही. नोबुकोने मेयरबाईंच्या, म्हणजे डॉसनबाईंच्या, अंगावरचा अ‍ॅप्रन इतक्या घाईने ओढला की गाठच सुटेना. कोझो गुडघ्यांवर येऊन कपाळ चटईला टेकवत होता, बाई त्याला उठवायला वाकत होत्या, दोघांची डोकी आपटायचीच राहिली. आराई भाषांतर करत होता: त्यांचे आजोबा याच डोंगराळ मुलखातून गेलेले. आजी तिकडे गॅरेजमध्ये पिंपात मिसो घालायची. त्यांना जपानी येत नाही, खाण्यापिण्याचे चारदोन शब्द सोडून. राग मुळीच आला नाही, स्वयंपाकघरातच जास्त ऊब होती.

बाईंना देवकोनाड्यासमोर बसवलं गेलं. आता कोझोला काहीतरी बोलणं भाग होतं. शरमेने लाल झालेला माणूस जे बोलतो तेच तो बोलला.

"पण सर, माझी तरी काय चूक? त्या परदेशी दिसतच नाहीत हो!"

आराईने हे भाषांतर केलं नाही. त्याने एकदा चिझुरूकडे पाहिलं. ती दारात तबक घेऊन उभी होती. फुसाएने मान हलवून नको नको म्हटलं, पण तोवर उशीर झाला होता.

"मीही दिसत नाही, अध्यक्षसाहेब," आराई म्हणाला. "माझं नाव पाक आहे. मी कोरियन. चिझुरूने आणि मी लग्न करायचं ठरवलंय. हे उद्या सांगणार होतो. पण तुम्ही आता जे म्हणालात, त्यानंतर गप्प बसलो असतो तर उद्या सांगायचं तोंड राहिलं नसतं."

कोझोच्या चेहऱ्यावरचं स्वागताचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून कुणी दिवा घालवावा तसं झालं. "वा," तो म्हणाला. "वा, वा." मग पाहुण्यांना वाकून नमस्कार करत तो उठला. "मी जरा... पिंपं बघून येतो."

तो कोठारात गेला. मागोमाग फुसाए गेली, फुसाएच्या मागोमाग चिझुरू, आणि अशा वेळी मागे राहील ती नोबुको कसली.

कोठारात मिसोचा वास येण्यावर अध्यक्षांचंही काही चालत नव्हतं. मोठ्या पिंपाला पाठ लावून कोझो उभा होता.

"तुला माहीत होतं?" त्याने बायकोला विचारलं.

"सकाळपासून."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, आज घरात वास येता कामा नये."

"थट्टा करू नकोस! सगळ्या गावासमोर मी या पोराचे गोडवे गात फिरतोय. आता लोक काय म्हणतील? तो अमेरिकन असता तर निदान..." तो मध्येच थांबला.

"निदान काय, बाबा?" चिझुरू म्हणाली. "बँड लावला असता?"

"तू गप्प बस."

"मंडळाच्या फाटकावर तुम्हीच लिहून घेतलंय ना, सगळं जग एक कुटुंब म्हणून? नदीपलीकडचं सोडून, असंही खाली लिहा. बारीक अक्षरांत चालेल."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, अशी आपल्या नवऱ्याची गत आहे हे फुसाएला आजच कळलं होतं असं नाही. पण लेकीच्या तोंडून ते ऐकताना तिला नवऱ्याची कीवही आली.

नोबुकोला मात्र आपली वेळ आली असं वाटलं. "भावजी, मनाला लावून घेऊ नका," ती मायेने म्हणाली. "पोरीचं मन तिकडे आहे तर जाऊ द्या तिला ओसाकाला. घराच्या नावाची काळजी कशाला? आमचा तेत्सुया आहे ना. रक्ताचाच आहे."

"तेत्सुया?" कोझोने मान वर केली. "तो गिटारवाला?"

"हल्ली कमी वाजवतो."

"मागल्या खेपेला इथे येऊन पिंपाच्या झाकणावर अनवाणी पायांनी बसला होता! मिसोच्या झाकणावर! आणि ते केस. तांबडे. त्या मेयरच्या नवऱ्यापेक्षा तांबडे! परदेशी म्हणावं असा या खानदानात कुणी असेल तर तो तुमचा तेत्सुया."

"म्हणजे कोरियन चालेल आणि माझा मुलगा नाही?"

"कोण म्हणालं चालेल? मी असं म्हणालो का?" कोझो ओरडला. आपण नेमकं काय म्हणालो ते आता त्यालाही कळेना. नोबुको पदर नसताना पदर सावरल्यासारखं करत बाहेर गेली. जाताना कपबश्या आपल्या आहेत याची तिने आठवण करून दिली.

मग कोझो खालच्या आवाजात म्हणाला, "तो आपलं नाव बदलणार का?"

"नाही," चिझुरू म्हणाली. "आराई हे नाव लोकांच्या सोयीसाठी होतं. आता ते पाकच राहणार आहेत."

"बघ!" तो बायकोकडे वळला, पण आता त्याच्या आवाजातला अध्यक्ष गेला होता. "बघ फुसाए. मी नाव सोडलं. इसोबे म्हणून मला हाक मारणारं एक माणूस उरलं नाही जगात. माझी आई गेली तेव्हा अंत्यविधीला मी पाहुण्यांच्या रांगेत बसलो, कुवाबारा म्हणून. धाकट्या भावाने मला परक्यासारखा चहा दिला. तीस वर्षं मी दोन माणसांचं काम केलं, कुणी घरजावई म्हणून बोट दाखवू नये म्हणून. आणि हा पोरगा आपलं नाव खिशात ठेवून ताठ मानेने आत येणार? त्याला दाराजवळ बसायलाही नको?"

फुसाएला वाटलं होतं की जात, रक्त, लोकलाज असं काहीतरी ऐकावं लागेल. त्यासाठी तिने उत्तरं तयार ठेवली होती. पण चाकरी करून थकलेला एक कोळ्याचा मुलगा तिच्यासमोर उभा होता आणि तिने त्याला इतक्या वर्षांत त्या सोडलेल्या नावाविषयी एकदाही विचारलं नव्हतं.

"तुमचं नाव मी मागितलं नव्हतं," ती म्हणाली. "वडिलांनी मागितलं. मी तेव्हा बोलले नाही, ही माझी चूक. तुम्ही आलात तेव्हा अख्ख्या गल्लीने कुजबुज केली की आता मिसोला मासळीचा वास येणार."

"कोण म्हणालं असं?"

"सगळ्यांत आधी आई."

"मला वाटलंच होतं."

"आला का वास? तीस वर्षं झाली. उलट आपला मिसो आधीपेक्षा बरा झाला, तुम्ही समुद्राकडचं मीठ आणायला लागलात तेव्हापासून. बाहेरच्या माणसांनीच हे घर चालवलंय हो. घरात जन्मलेल्या आम्ही बायका नुसत्या नाव धरून बसलो." आता थांबायचं नाही हे तिला कळत होतं. "मला तुमच्या अंगाचा तो वास आवडायचा, समुद्राचा. गेला कधी ते कळलंच नाही. आता ऐका. माझी पोर त्या ओसाकाला गेली तर मी तुमच्या मंडळाच्या पाहुण्यांना कपसुद्धा उचलून देणार नाही. आणि तुमच्याशी पुढे काय बोलायचं, तेही मला सुचणार नाही."

कोझोने पिंपावरची धूळ बाहीने पुसली. तिथे धूळ नव्हती.

"आई," चिझुरू हळूच म्हणाली, "पाहुणे बसलेत."

ते परतले तेव्हा दिवाणखान्यातून हसण्याचा आवाज येत होता. तोयो आजी हसत होती, म्हणजे काहीतरी अघटित घडलं होतं. साईचं सूप बाजूला सारलेलं होतं आणि सगळ्यांसमोर मिसोच्या कढणाच्या वाट्या होत्या. देवकोनाड्यासमोर डॉसनबाई, त्यांच्याजवळ आजी, दोघींमध्ये आराई. लाल दाढीवाल्याने पाय सोडून दोन उश्या अडवल्या होत्या. नोबुको गाल फुगवून कपबश्या पुसत होती.

"जावईबापू!" आजी ओरडली. "तुम्हाला ठाऊक होतं का हे? या पोराशी लग्न केलं तर आपल्या चिझुरूचं आडनाव बदलतच नाही. हा इथे जन्मला तरी कागदावर परदेशीच, आणि परदेशी माणसाशी लग्न केलं की बाईचं नाव तसंच राहतं. आणि मुलं तिच्या नावावर! कायदाच आहे, चार वर्षं झाली म्हणे."

"आई, पाहुण्यांसमोर..."

"त्यांनीच तर विचारलं! दत्तक घ्यायला नको, विहिणीच्या विनवण्या नकोत, तुमचा मुलगा द्या हो म्हणून दारोदार हिंडणं नको. तीन पिढ्या आपण लोकांची पोरं मागत फिरलो. हे आधी कळतं तर आधीपासून परदेशीच शोधले असते."

"आणि याचं नाव?" कोझोने विचारलं.

"त्याचं नाव त्याच्याकडे. आपल्याला काय करायचंय त्याच्या नावाशी?" आजीने वाटी तोंडाला लावली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, ती खाली ठेवली. "तुझंही घ्यायला नको होतं," ती म्हणाली. "तेव्हा दुसरी सोय नव्हती रे."

ती त्याला रे म्हणाली होती, जावईबापू नाही. फुसाएने नवऱ्याकडे पाहिलं. तो बसायला जागा शोधत होता. मानाची जागा गेली होती, तिच्या शेजारची गेली होती, मधल्या उश्यांवर एक मोठा अमेरिकन पाय पसरून बसला होता. चिझुरू आराईजवळ जाऊन बसली होती आणि तिने आपल्या शेजारी आईसाठी जागा धरली होती. रिकामी होती ती एकच उशी, दाराजवळची.

आराई अर्धा उठला. "अध्यक्षसाहेब, तुम्ही इथे..."

"बसा," कोझो म्हणाला.

तो दाराजवळ गेला आणि बसला. पाठ दाराला. त्याने खांदे आक्रसले, एक हात मागे नेऊन कमरेपाशी फट चाचपली, आणि तिथे बोट तसंच ठेवून तो बराच वेळ कुणाकडेच न बघता बसला. फुसाएने त्याच्यासमोर कढणाची वाटी ठेवली. तो एक घोट प्यायला.

"अजून तसाच येतो," तो म्हणाला. "तीस वर्षांत कुणी ही फट बुजवली नाही."

मग त्याने मान वर केली.

"पाक सर," तो म्हणाला. त्या नावावर तो जरा अडखळला, पण म्हणाला. "पुढच्या वर्षी तुम्ही इथे बसाल तेव्हा कमरेला लोकरीचा पट्टा बांधून बसा. मला कुणी सांगितलं नव्हतं."

चिझुरूने तोंडावर हात घेतला. डॉसनबाईंनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हळूच दुभाष्याला विचारलं, काय म्हणाले ते?

पाकने उत्तर द्यायला दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"हवामानाबद्दल बोलताहेत," शेवटी तो इंग्रजीत म्हणाला.